पहिल्यासारखं कधी होणार?

मुळशी तालुक्याच्या दोन टोकांना दोन निराळी जगं आहेत. पूर्वेला हिंजवडी-माणचं आयटी पार्क: काचेच्या इमारती, पीजी, मेस, टपऱ्या आणि गाड्यांची न संपणारी रांग. पश्चिमेला ताम्हिणीच्या बाजूला भातखाचरं, धरणाचं पाणी आणि पावसाळ्यात दिवसचे दिवस न उघडणारं आभाळ. मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली आणि ही दोन्ही टोकं एकाच प्रश्नाशी येऊन थांबली. हिंजवडीतली पोरंपोरी लॅपटॉप पाठीला लावून आपापल्या गावी गेली आणि त्यांच्यावर चालणाऱ्या खानावळी, वडापावच्या गाड्या, भाड्याच्या खोल्या ओस पडल्या. त्याच सुमारास मुंबईहून डबेवाले गावी परतले. मुळशी, मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली ही माणसं. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं हे काम, सुमारे पाच हजार माणसांचं आणि रोजच्या दोन लाख डब्यांचं, एकाएकी थांबलं. लोकल बंद, कचेऱ्या बंद, मग डबा पोचवायचा कुणाला?

‘कधी व्हायचं पहिल्यासारखं?’ हा प्रश्न तेव्हा पारावर होता, फोनवर होता, बँकेच्या रांगेत होता. उत्तरंही भरपूर होती. एकवीस दिवसांत. उन्हाळा तापला की. गणपतीपर्यंत. दिवाळीनंतर. लस आली की. एकेक तारीख आली आणि गेली, तशी लोकांच्या मनातली शंका घट्ट होत गेली: हे संपणारं आहे तरी का?

या शंकेला उत्तर आहे, पण ते एका तारखेत मावत नाही. साथ संपताना काय काय घडतं हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं. रक्तातल्या पेशी, उंदरांची पिढी, रेल्वेचं वेळापत्रक, पालखीची वाट, सगळ्यांचा त्यात हात असतो.

सुरुवात एका कोड्यापासून करू. पुणे जिल्ह्यात, किंबहुना महाराष्ट्रात, कोरोनाचे पहिले रुग्ण ९ मार्च २०२० रोजी सापडले. त्यानंतर पाच महिन्यांच्या आतच, २० जुलै ते ५ ऑगस्टच्या दरम्यान, पुण्यातल्या संशोधन संस्थांनी शहराच्या पाच प्रभागांतल्या १,६६४ लोकांचं रक्त तपासलं. आयसर आणि पुणे विद्यापीठ त्यात होते. निकाल आला तेव्हा भले भले चकित झाले. ५१.५ टक्के लोकांच्या रक्तात कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडं होती. लोहियानगर-कासेवाडीत तर हे प्रमाण ६५ टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे या वस्त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांना रोग होऊनही गेला होता आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता गणित पाहा. एक रुग्ण सरासरी तिघांना रोग देत असेल, तर त्या तिघांपैकी दोघं आधीच सुरक्षित असली की साथीची वाढ थांबते. एकापासून एकालाच रोग जातो. म्हणजे साधारण दोन तृतीयांश लोक सुरक्षित झाले की काम झालं. पुण्याचे काही प्रभाग ऑगस्टमध्येच त्या रेषेजवळ पोचले होते. मग एप्रिल २०२१ मध्ये ती भयंकर दुसरी लाट कशी आली? १८ एप्रिलला महाराष्ट्रात एका दिवसात ६८,६३१ नवे रुग्ण नोंदले गेले, ते कुठून आले?

तीन कारणं एकत्र आली. पाहणी जास्त लागण झालेल्या प्रभागांची होती. बाकीच्या शहरात आणि गावागावांत अजून असंख्य माणसं विषाणूला भेटलीच नव्हती. दुसरं, विषाणू बदलला. डेल्टा हा त्याचा नवा अवतार एकापासून तिघांना नाही, पाच-सहा जणांना गाठत होता. हा आकडा पाच झाला की थांबण्याची रेषा दोन तृतीयांशावरून ऐंशी टक्क्यांवर सरकते. आपण धावत असताना अंतिम रेषाच पुढे गेली. आणि तिसरं, एकदा रोग झालेल्या माणसाला तो पुन्हा कधीच होणार नाही, अशी हमी या विषाणूबाबत मिळत नाही.

या तिसऱ्या कारणातच साथीच्या शेवटाचं खरं रहस्य दडलं आहे. मुंबईच्या डब्याच्या झाकणावर रंगानं खुणा काढलेल्या असतात. त्यावरून डबेवाला तो ओळखतो. आपल्या रक्तातली प्रतिपिंडं अशीच बाहेरची खूण पाहून विषाणू ओळखतात. विषाणूनं खूण बदलली की ती फसतात. शिवाय ती काही महिन्यांत कमीही होतात. म्हणून लस घेतलेल्यालाही सर्दी-ताप येतो आणि लोक विचारतात, मग लसीचा उपयोग काय? पण शरीराकडे दुसरी फळी असते. टी पेशी झाकण पाहत नाहीत. संसर्ग झालेली पेशी विषाणूच्या आतल्या तुकड्यांचे नमुने आपल्या पृष्ठभागावर मांडते आणि टी पेशी ते तपासतात. हे आतले तुकडे बदलणं विषाणूला तितकं सोपं जात नाही. २००३ मध्ये सार्स होऊन गेलेल्या लोकांच्या रक्तात अशा पेशी १७ वर्षांनीही सापडल्या.

स्मृतिपेशींची गंमत त्याहून मोठी. रोग बरा झाल्यावर किंवा लस टोचल्यावर लसिकाग्रंथींमध्ये बी पेशी महिनोन्‌महिने सराव करत राहतात. त्या स्वतःच्याच जनुकांत मुद्दाम चुका करतात, त्यातून निराळी प्रतिपिंडं बनवून पाहतात, ज्यांना विषाणू अधिक घट्ट पकडता येतो त्या पेशी टिकतात, बाकीच्या मरतात. आपण भात खात असतो, झोपलेलो असतो, गाडी चालवत असतो, आणि काखेतल्या एका गाठीत ही निवड चालू असते. म्हणून पुढच्या भेटीत विषाणू शरीरात शिरतो खरा, पण फुप्फुसापर्यंत पोचून घात करण्याआधी बहुतेकदा अडवला जातो. साथ संपते ती अशी. विषाणू जागच्या जागी राहतो. त्याला भेटणारी शरीरं मात्र पूर्वीची राहत नाहीत.

ही स्मृती किती काळ टिकावी? १९१८ च्या इन्फ्लुएन्झातून वाचलेल्या ३२ वृद्धांचं रक्त अमेरिकेत तपासलं गेलं. सगळे नव्वदी ओलांडलेले, काही शंभरीचे. त्या सर्वांच्या रक्तात नव्वद वर्षांपूर्वीच्या विषाणूची ओळख शाबूत होती.

त्या साथीला आपल्याकडे मानमोडी म्हणत. जून १९१८ मध्ये ती मुंबईच्या गोदीत उतरली, पावसाळ्यात थोडी निवळली आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये राक्षसी होऊन परतली. ६ ऑक्टोबरला एकट्या मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. देशभरात सव्वा ते दोन कोटी माणसं गेली असावीत असे अंदाज आहेत. जनगणनेच्या इतिहासात भारताची लोकसंख्या घटली, ती फक्त १९११ ते १९२१ या एकाच दशकात.

आणि तरीही मानमोडी संपली कधी, हे कुणालाच सांगता येत नाही. तिचा शेवट कुणी साजरा केला नाही. मुळशीच्या बाबतीत कारण डोळ्यांसमोर आहे. साथ ओसरून तीन वर्षंही झाली नव्हती, तोच मुळा-निळेच्या संगमावर टाटांच्या धरणाचं काम सुरू झालं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती आणि मावळ्यांची गावं पाण्याखाली जायची होती. १६ एप्रिल १९२१, रामनवमीला सत्याग्रह उभा राहिला. सेनापती बापट हे त्याचं नाव बनलं. ज्या खोऱ्यात माणसं मानमोडीनंतर ‘पहिल्यासारखं’ होण्याची वाट पाहत असतील, त्या खोऱ्यातलं ‘पहिलं’च बुडालं. साथ संपली तरी जगणं मागं फिरत नाही. दरम्यान जगानं दुसरी वाट धरलेली असते. इतिहासात मानमोडी इतकी कशी विसरली गेली याचं नवल वाटतं. समाज दोन-तीन वर्षांत विसरला. शरीरं नव्वद वर्षं विसरली नाहीत.

त्याआधीच्या प्लेगचा शेवट तर आणखी अजब. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. लाखो लोकांनी मुंबई सोडली, गिरण्या रिकाम्या पडल्या. पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या. उन्हाळ्यात प्लेग ओसरला आणि लोकांना वाटलं, संपलं. थंडीत तो पुन्हा आला. असं वर्षामागून वर्ष चाललं, कारण उंदरांवरच्या पिसवांना कडक, कोरडा उन्हाळा सोसत नाही. लोक गावाबाहेर झोपड्या टाकून राहायला शिकले, उंदीर पडू लागले की घर सोडायचं हे शिकले. शास्त्रज्ञ हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःलाच टोचून घेतलेली लस पुढे लाखोंना मिळाली. पण शेवटात आणखी एक वाटेकरी होता: उंदीर. पुढे मुंबईच्या उंदरांची तपासणी झाली, तेव्हा ते प्लेगच्या जंतूंना सहजी बळी पडत नाहीत असं दिसलं. प्लेग फारसा न पोचलेल्या मद्रासचे उंदीर मात्र पटापट मरत. मुंबईतले दुबळे उंदीर मरून गेले होते, चिवट उरले आणि त्यांचीच पिल्लं शहरभर पसरली. माणसं पंचवीस-तीस वर्षं ‘कधी संपणार’ विचारत होती आणि उत्तराचा एक भाग गटारांत, उंदरांच्या बिळांत तयार होत होता.

तर रोगाचा शेवट हा असा. जगणं पुन्हा सुरू होणं त्याहून विस्कळीत, कारण प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळेला परत येते. वारीचंच पाहा. २०२० आणि २०२१ मध्ये तुकोबा-ज्ञानोबांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२२ मध्ये वाट पुन्हा पायांनी तुडवली. मुंबईची लोकल दोन डोस घेतलेल्या सर्वसामान्यांना मिळाली १५ ऑगस्ट २०२१ ला. राज्यातले निर्बंध उठले, मास्क ऐच्छिक झाला, तो २ एप्रिल २०२२ चा गुढीपाडवा. जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं ५ मे २०२३ ला. तोवर आपल्याकडे ती बातमी वाचून ‘अजून चालू होती होय?’ असं वाटण्याइतपत लोक पुढे गेले होते. हिंजवडीत मात्र घरून काम आणि कचेरी यांची खिचडी त्यानंतरही शिजत राहिली. तिथं सगळं सुरळीत झाल्याची खात्री पटली ती वाकड पुलापासून शिवाजी चौकापर्यंतची कोंडी परत आली तेव्हा. जिच्या नावानं रोज बोटं मोडायची, तीच सुटकेची खूण ठरली! डबेवाल्यांचं तसं झालं नाही. गिऱ्हाईक आठवड्यातून दोन-तीन दिवसच कचेरीत जाऊ लागल्यावर जुने डबे सगळे परत आले नाहीत आणि कित्येकांनी दुसरा कामधंदा धरला. एकाच तालुक्यात एकाच साथीचे इतके निरनिराळे शेवट.

मग आपण ज्याला नेहमीचं जगणं म्हणतो ते आहे तरी काय? उकरून पाहिलं तर खाली जुन्या साथीच सापडतात. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात लागू झालेला साथरोग कायदा मुंबईच्या प्लेगसाठी १८९७ मध्ये केलेला होता. प्लेगमुळेच १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि दादर-माटुंग्याच्या रुंद रस्त्यांची आखणी झाली. पुण्याला स्वाइन फ्लू आठवत असेल: ३ ऑगस्ट २००९ ला देशातला त्याचा पहिला मृत्यू पुण्यात झाला, शाळा बंद पडल्या, मास्क मिळेनासे झाले. वर्षभरानं ती साथ संपल्याचं जाहीर झालं, पण विषाणू गेला नाही. आज डॉक्टर ज्याला साधा हंगामी फ्लू म्हणतात, त्यात तोही असतो आणि दरवर्षीच्या फ्लूच्या लशीत त्याचा वाटा असतो. त्याच्या पूर्वजांत १९१८ चा विषाणू आहे. २००९ मध्ये तरुणांपेक्षा म्हातारी माणसं त्याच्या तावडीतून जास्त सुटली, ती याच जुन्या ओळखीमुळे.

सगळ्यात नवलाची गोष्ट साध्या सर्दीची. माणसांत चार जुने कोरोना विषाणू फिरत असतात. बहुतेक मुलांची त्यांच्याशी पहिली गाठ लहानपणीच पडते आणि नाक गळण्यापलीकडे सहसा काही होत नाही. त्यातला एक, ओसी४३, गुरांच्या कोरोना विषाणूचा भाऊबंद आहे. त्यांच्या जनुकांतल्या फरकावरून संशोधकांनी हिशेब मांडला, तेव्हा दोघांचा पूर्वज सुमारे १८९० चा निघाला. नेमकी त्याच सुमारास ‘रशियन फ्लू’ नावाची जीवघेणी साथ जगभर फिरली होती. ती याच विषाणूची होती हे सिद्ध झालेलं नाही, पण शक्यता गंभीरपणे मांडली जाते.

ती खरी असेल, तर एका जीवघेण्या साथीचीच पुढे साधी सर्दी झाली, आणि पुढच्या साथीत ‘पहिल्यासारखं कधी होणार’ असं विचारणाऱ्याला सरळ उत्तर देता येईल. पहिल्यासारखं होणार नाही, नेहमीसारखं होईल. त्याला लागणारा वेळ लशीनं कमी होतो, आणि त्या वेळात किती माणसं आपण गमावतो हेही बरंचसं लशीवर, मोकळ्या हवेवर, वेळेवर मिळालेल्या खाटेवर ठरतं. कोरोनाचा विषाणूही आपल्यातच राहील. २०२० नंतर पौडला, पिरंगुटला, हिंजवडीला जन्मलेली मुलं त्याला भेटतील, चार दिवस शिंकतील, आणि शाळेत न जाण्यासाठी एक चांगलं कारण मिळालं म्हणून खूशही होतील.