टॉफीचा प्रयोग आणि दातांचे शास्त्र

साखरेने दात किडतात, हे आज शाळकरी पोरही सांगेल. परंतु हे विधान सिद्ध कसे झाले आणि त्याची किंमत कोणाच्या दातांनी मोजली, हे दंतवैद्यकाच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते. स्वीडनमध्ये लुंड या विद्यापीठाच्या गावी व्हिपेहोल्म नावाचे एक रुग्णालय होते. त्या काळच्या सरकारी भाषेत ‘शिक्षणास अपात्र’ ठरविण्यात आलेल्या मतिमंद रुग्णांसाठी ते १९३५ मध्ये उघडण्यात आले. दंतक्षयासंबंधीचे आधुनिक ज्ञान ज्या पायावर उभे आहे, त्याचा एक मोठा चिरा या रुग्णालयात बसविला गेला.

दात का किडतात, याचा उलगडा अंशतः आधीच झाला होता. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० मध्ये आपला सिद्धांत मांडला. तोंडातील जंतू अन्नातील पिठूळ व गोड अंशापासून आम्ल तयार करतात आणि हे आम्ल दातावरील टणक कवच, म्हणजे इनॅमल, विरघळविते, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९४० च्या सुमारास स्टीफन या संशोधकाने असे दाखविले की, साखर तोंडात जाताच काही मिनिटांत दातांवरील थर आम्लमय होतो आणि लाळेला तो पूर्ववत करण्यास अर्धा ते एक तास लागतो. तथापि वैद्यकीय मत दुभंगलेलेच होते. दोष साखरेचा नसून सकस आहाराच्या, विशेषतः जीवनसत्त्वांच्या, अभावाचा आहे, असे मानणारा पक्ष प्रबळ होता. इकडे स्वीडनने १९३८ मध्ये सार्वजनिक दंतसेवा सुरू केली होती. किडलेले दात अगणित आणि दंतवैद्य मोजके, अशी स्थिती असल्यामुळे रोग होऊच नये म्हणून काय करावे, हा प्रश्न सरकारच्या तिजोरीचाही होऊन बसला. उत्तर शोधण्याचे काम व्हिपेहोल्मवर सोपविण्यात आले.

पहिली दोन वर्षे, १९४५ ते १९४७, जीवनसत्त्वे देऊन पाहण्यात गेली. त्यातून फारसे काही निष्पन्न झाले नाही. १९४७ पासून साखरेचा प्रयोग सुरू झाला. रुग्णांचे गट पाडण्यात आले. एका गटाला जेवणाबरोबर पेयात विरघळविलेली साखर, दुसऱ्याला गोड पाव, आणखी काहींना चॉकलेट किंवा कॅरॅमल, आणि दोन गटांना जेवणांच्या मधल्या वेळेत टॉफी मिळू लागली. एका गटाला दिवसाला ८ आणि दुसऱ्याला २४. ही टॉफी बाजारातली नव्हती. दातांना अधिकाधिक वेळ चिकटून राहावी अशा बेताने ती मुद्दाम बनवून घेतली होती.

१९५४ साली गुस्टाफसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३६ व्यक्तींच्या पाच वर्षांच्या निरीक्षणांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष आजही पाठ्यपुस्तकांत आहे. जेवणाबरोबर पुष्कळ साखर पोटात गेली तरी कीड किंचितच वाढली. उलट चिकट गोड पदार्थ मधल्या वेळी वारंवार तोंडात गेला की ती झपाट्याने वाढली, आणि टॉफी बंद होताच पुन्हा मंदावली. साखर किती यापेक्षा ती केव्हा, कितीदा आणि किती वेळ दातांपाशी राहते, याला महत्त्व आहे, हे प्रथमच इतक्या निःसंदिग्धपणे सिद्ध झाले. पंगतीत वाढलेल्या जिलबीपेक्षा वाढदिवसानिमित्त वर्गात वाटलेली चिकट गोळी दाताला अधिक बाधक का, याचे उत्तर याच निष्कर्षात आहे.

आता दुसरी बाजू. या रुग्णांची संमती घेतलेली नव्हती; त्यांच्या नातेवाइकांचीही नाही. नकार देण्याची शक्तीच ज्यांच्यापाशी नव्हती त्यांचीच निवड झाली होती, कारण त्यांचा आहार दिवसरात्र ताब्यात ठेवणे सोपे होते. अनेकांचे दात कायमचे नासले. ज्या १९४७ साली साखरेचा प्रयोग सुरू झाला, त्याच साली न्युरेंबर्ग येथे नाझी डॉक्टरांवरील खटल्याचा निकाल लागला आणि माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती ही प्रयोगाची पहिली अट म्हणून लिहिली गेली. व्हिपेहोल्मचे डॉक्टर नाझी नव्हते. त्यांना त्या पंक्तीत बसविणे अन्यायाचे होईल. एका लोकशाही कल्याणकारी राज्याने, मुलांचे दात वाचावेत या प्रामाणिक हेतूने, हे काम करविले. पण हीच गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. सद्हेतू हा संमतीचा पर्याय होऊ शकतो असे एकदा मानले की, प्रत्येक पिढीला आपले व्हिपेहोल्म सापडते.

दुसरा मार्ग नव्हता काय? महायुद्धात नॉर्वेमध्ये साखरेची टंचाई झाली आणि मुलांच्या दातांची कीड घटली, हे तेथील दंतवैद्यांनी नोंदवून ठेवले होते. ऑस्ट्रेलियात बाउरल येथील होपवुड हाऊस या बालगृहात १९४२ पासून मुलांना जवळजवळ साखरविरहित शाकाहार मिळत असे. त्यांचे दात इतर मुलांहून कितीतरी निरोगी राहिले, आणि मोठी होऊन ती बाहेर पडल्यावर कीड वाढली. फिनलंडमधील तुर्कू येथे १९७२ ते १९७४ या काळात १२५ जणांनी स्वखुशीने आपल्या आहारातील गोडाचा प्रकार ठरवू दिला. साखरेऐवजी झायलिटॉल घेणाऱ्यांत नवी कीड जवळपास दिसलीच नाही. व्हिपेहोल्मचा निष्कर्ष या मार्गांनी तितक्या स्वच्छपणे हाती आला असता का, अशी शंका रास्त आहे. कदाचित आणखी दहा-वीस वर्षे लागली असती. दहा-वीस वर्षांचा उशीर आणि असहाय माणसांचे दात यांत निवड करावयाची झाली, तर ती निवड त्या माणसांच्या वतीने दुसऱ्या कोणी करावयाची नसते.

अशा रीतीने मिळालेल्या ज्ञानाचा उपयोग तरी पुरता व्हावयास हवा होता. स्वीडनमध्ये मुलांनी गोळ्या रोज न खाता आठवड्यातून एकदा, शनिवारी, खाव्यात असा प्रचार १९५० च्या दशकाच्या अखेरीस झाला व ती रीत रुजलीही. व्हिपेहोल्मच्या खर्चाचा काही भाग साखर व चॉकलेटच्या कारखानदारांनी उचलला होता. निष्कर्ष त्यांच्या सोयीचा नव्हता, तरी तो बाहेर आला, हे श्रेय संशोधकांना दिलेच पाहिजे. अमेरिकेत मात्र वेगळे घडले. तेथे १९७१ मध्ये दंतक्षयाविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. साखर उद्योगाच्या १९५९ ते १९७१ या काळातील ३१९ अंतर्गत कागदपत्रांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा असे आढळले की, संशोधनाची दिशा कोणती असावी याविषयी उद्योगाने जो मसुदा दिला, त्याचा ७८ टक्के भाग सरकारी कार्यक्रमात जसाच्या तसा शिरला होता. साखर कमी कशी करावी हा प्रश्न मागे पडला. साखर खाऊनही कीड टाळणारी लस किंवा एन्झाइम शोधण्याकडे लक्ष वळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्येच, पदार्थांत मिसळलेल्या व तत्सम साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, अशी ठाम शिफारस केली. तिचा एक प्रमुख आधार दंतक्षयाचा पुरावा हाच होता.

किडलेल्या दातावरील उपचारांच्या संशोधनाचा सूर आता पुष्कळ बदलला आहे. स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाई लहान मुलांची किडलेली दाढ न कोरता, इंजेक्शनही न देता, तिच्यावर पोलादी कॅप सिमेंटने बसवीत. आत कोंडलेल्या जंतूंची रसद तुटते आणि कीड थांबते. ही पद्धत १३२ मुलांवर पारखण्यात आली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर कॅप आणि दुसरीवर नेहमीचा उपचार, अशी तुलना झाली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गंभीर अपयश नेहमीच्या उपचारात १५ टक्के आणि कॅपच्या पद्धतीत २ टक्के होते. यात पालकांची संमती होती. शिवाय मुलांना कोणता उपचार बरा वाटला, हेही विचारण्यात आले. व्हिपेहोल्ममध्ये हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नव्हता.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे असेच एक स्वस्त औषध. त्याचा थेंब किडीवर लावला की ती बहुधा पुढे सरकत नाही. ना ड्रिल, ना भूल. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला. जेथे दंतवैद्य दुर्मिळ आहे अशा खेड्यातल्या शाळेला याहून सोयीचा उपाय सापडणे कठीण. त्याची एक खोड मात्र आहे : किडलेला भाग कायमचा काळा पडतो. समोरच्या दातावर तो डाग चालेल की नाही, हे थेंब लावण्यापूर्वी मुलाच्या आईबापांना दाखवून विचारावे लागते, आणि काही आईबाप नको म्हणतात.