वजन कुठे ठेवायचं?

2011 मध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या ईस्ट ट्रॉय या छोट्या गावातून एक मोटारसायकल बाजारात आली. नाव ईबीआर 1190आरएस. किंमत 39,995 डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने 18 लाखांच्या घरात. आणि काढायच्या होत्या फक्त शंभर.

पुणे जिल्ह्यातल्या वरवंड गावात दुचाकी म्हणजे पहाटे डेअरीला दूध घालायची, दुपारी चारा आणायची आणि पोरांना शाळेत सोडायची गाडी. तिथे ही किंमत ऐकून कुणीही तोंडात बोट घालेल. पण या गाडीमागचा विचार आपल्या ओळखीचा आहे. दुधाचे कॅन गाडीला दोन्ही बाजूंनी आणि होतील तेवढे खाली अडकवतात. ओझं उंचावर गेलं की वळणावर गाडी झोक खाते, हे दूधवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. एरिक ब्यूएल या अभियंत्याने आयुष्यभर याच एका प्रश्नाचा पाठपुरावा केला: वजन कुठे ठेवायचं?

ब्यूएल हार्ले-डेव्हिडसनमध्ये नोकरीला होते. 1983 मध्ये ते बाहेर पडले आणि शर्यतीची गाडी बनवू लागले. ती गाडी ज्या वर्गात धावणार होती, तो शर्यतीचा वर्गच बंद झाला, तेव्हा 1987 मध्ये हार्लेचं इंजिन घेऊन त्यांनी रस्त्यावरची आरआर1000 काढली. पुढे हार्लेनेच त्यांची कंपनी टप्प्याटप्प्याने ताब्यात घेतली आणि ऑक्टोबर 2009 मध्ये बंद करून टाकली. तोवर 1,36,000 हून जास्त ब्यूएल गाड्या तयार झाल्या होत्या. ब्यूएल यांनी काही आठवड्यांतच एरिक ब्यूएल रेसिंग, म्हणजे ईबीआर, उभी केली.

1190आरएस ही तिची रस्त्यावरची पहिली गाडी. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सने घडवलेल्या इंजिनावरून तयार केलेलं, सुमारे 175 अश्वशक्तीचं दोन सिलिंडरचं इंजिन. आपण जिला टाकी समजतो, तिथे पेट्रोल नाही. ते चेसिसच्या जाड, पोकळ दांड्यांत भरलेलं. सायलेन्सर मागे न काढता इंजिनच्या पोटाखाली घेतलेला, म्हणजे ओझं खालीच. पुढच्या चाकाला एकच भलीमोठी डिस्क, तीही मधल्या हबला न बसवता थेट रिमच्या कडेला. ब्रेकचा जोर परस्पर रिमवर येतो, त्यामुळे चाकाचे आरे बारीक ठेवता येतात. चाक हलकं झालं की शॉकअपला ते रस्त्याला धरून ठेवणं सोपं जातं.

मग शंभर तरी कशासाठी? सुपरबाइक शर्यतीत विक्रीला असलेल्या गाडीवरूनच शर्यतीची गाडी करावी लागते. त्यामुळे थोड्या तरी गाड्या गिऱ्हाइकाला विकाव्या लागतात.

या गाडीचा धागा आपल्याकडेही पोचला. होंडापासून वेगळी झालेली हिरो मोटोकॉर्प तेव्हा तंत्रज्ञानाच्या शोधात होती. 2012 मध्ये तिने ईबीआरशी करार केला आणि 2013 मध्ये अडीच कोटी डॉलर मोजून 49.2 टक्के वाटा घेतला. 2014 च्या ऑटो एक्स्पोत दोघांची एचएक्स250आर दिमाखात उभी राहिली, पण शोरूमपर्यंत पोचलीच नाही. एप्रिल 2015 मध्ये ईबीआरने कर्जापुढे हात टेकले आणि कारखान्याला टाळं लागलं.

पुणे जिल्ह्याने अशाच भागीदारीचा वेगळा प्रवास पाहिला आहे. बजाजने 2007 मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये 14.5 टक्के वाटा घेतला आणि 2012 मध्ये चाकणला बनलेली 200 ड्यूक बाजारात आली. फरक बुद्धीचा नव्हता. ब्यूएल यांच्या कल्पनेमागे परवडणाऱ्या गाड्यांची रोजची विक्री नव्हती. चाकणला कारखाना होता, सुटे भाग पुरवणारे होते आणि कॉलेजच्या पोरांच्या आवाक्यातली किंमत होती.

तरीही 1190आरएस वाया गेली असं मी म्हणणार नाही. प्रत्येक भाग तिथेच का, हे विचारण्याची हिंमत तिच्यात आहे. हिरोने पुढे 2016 मध्ये जयपूरजवळ स्वतःचं संशोधन केंद्र उभारलं. उसनी अक्कल फार दिवस पुरत नाही. दौंड-शिरूरची कितीतरी पोरं आज रांजणगाव-चाकणच्या कारखान्यांत गाड्यांचे भाग जोडतात. तो भाग तिथेच का बसवायचा, हे ठरवणाऱ्या टेबलावर त्यांची जागा व्हायला हवी. कॉलेजांनी आणि कारखान्यांनी त्यांना तिथवर न्यायला हवं. वजनाचं गणित त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.