घाट ओलांडला, गल्ली राहिली

लोणावळ्यातल्या वलवणवरून बरंच काही जातं. तिथल्या तलावाचं पाणी शंभराहून अधिक वर्षं घाट उतरून खोपोलीच्या वीजघरात जातं आहे आणि त्या विजेवर आधी चालल्या त्या मुंबईच्या गिरण्या. शेजारून रेल्वे गेली, जुना हायवे गेला, २००२ मध्ये एक्सप्रेसवे पूर्ण झाला. त्याच बोरघाटातून आता इंटरनेटही चढतं-उतरतं. एक्सप्रेसवेला वलवणपाशी उतरायला वाट ठेवली, म्हणून तो लोणावळ्याच्या कामाचा झाला. फायबरचा हिशेब वेगळा नाही. पण गेली चाळीसेक वर्षं आपण रस्त्याची रुंदीच मोजत बसलो, उतरायच्या वाटा मोजायच्या राहून गेल्या.

रस्ता रुंद झाला, हे आधी कबूल करायला हवं. देशात टेलिफोन एक्स्चेंजं ऑप्टिकल फायबरने पहिल्यांदा जोडली गेली ती पुण्यात, १९७९ साली. १९९७ मध्ये ‘फ्लॅग’ ही समुद्राखालची केबल मुंबईला लागली. २००० मध्ये रेलटेल निघाली आणि रुळांच्या कडेचं फायबर साऱ्या देशासाठी खुलं झालं. या बॅकबोनची, म्हणजे लांब पल्ल्याच्या मुख्य तारेची, खुबी अशी, की तार एकदा पुरली की क्षमता वाढवायला पुन्हा खणावं लागत नाही. केसाएवढ्या एकाच धाग्यातून वेगवेगळ्या तरंगलांबीचे डझनावारी झोत पाठवता येतात. दोन टोकांची यंत्रं बदलली की झालं. चांगल्या फायबरमध्ये किलोमीटरमागे प्रकाश जेमतेम ०.२ डेसिबल घटतो. मुंबईहून निघालेला झोत साधारण एका मिलिसेकंदात पुण्याला पोचतो. लोणावळा त्याला लागतही नाही.

घरापर्यंतच्या तारेला ही सवलत नाही. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं ते टेलिफोनच्या जुन्या तांब्याच्या जोडीवरून. एक्स्चेंजपासून चार-पाच किलोमीटर पलीकडे त्याचा जीव जाई. त्यात घाटमाथ्यावरचा पाऊस! जॉइंटमध्ये पाणी शिरलं की फोनवर खरखर आणि मॉडेमचा दिवा लुकलुकत राहायचा. सरकारी व्याख्येतला किमान वेग २००४ मध्ये २५६ केबीपीएस होता; तो २ एमबीपीएस व्हायला २०२३ उजाडलं. त्याच्या कितीतरी आधी उपाय हाताशी होता. अडीच गिगाबिटची एक तार खांबावरच्या डबीत बत्तीस किंवा चौसष्ट घरांना वाटून देता येते, आणि त्या डबीला वीज लागत नाही. आपल्याकडे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण इथे टोकाचं यंत्र बदलून भागत नाही. दर घराला नवी तार ओढायची, जोड द्यायचा, खणण्याची परवानगी काढायची.

२०१६ मध्ये जिओ आलं, २०२२ मध्ये ५जी. मग तारेचं काय काम, असं कोणी विचारेल. मोबाइलने इंटरनेट खिशात आणलं, त्यात वाद नाही. पण टॉवरलाही फायबर लागतं. ते नसेल तर मायक्रोवेव्हवर भागवावं लागतं आणि जोराच्या पावसात तो दुवा अशक्त होतो. शिवाय टॉवरची क्षमता सामाईक: लाँग वीकेंडला पर्यटक आणि गावकरी एकाच घागरीतून पितात. दुसरा आक्षेप पैशाचा, की तुरळक वस्तीत तार परवडत नाही. कंपनीला परवडत नाही, मान्य. नेमकं म्हणूनच टेलिकॉम कंपन्यांच्या महसुलातून सार्वत्रिक सेवेसाठी पैसे वळते होतात आणि त्यातूनच २०११ मध्ये पुढे भारतनेट म्हणून ओळखली गेलेली योजना मंजूर झाली. अडीच लाख ग्रामपंचायती दोन वर्षांत जोडायच्या होत्या. पहिल्या लाखालाच डिसेंबर २०१७ उजाडलं. तीही बरीचशी एकापुढे एक अशी, सरळ रेषेत. वाटेत जेसीबीचा एक फटका बसला की पुढची सगळी गावं बंद. आणि तार पंचायतीच्या कपाटापर्यंत; तिथून घराघरात कोणी न्यायची, हा प्रश्न मागेच राहिला.

२०२३ च्या सुधारित आराखड्यात सरळ रेषेऐवजी रिंग आली, म्हणजे एका बाजूला तार तुटली तर दुसऱ्या बाजूने वाट राहील. मावळातल्या पंचायतींना त्याचा उपयोग होईल. वलवण मात्र लोणावळा नगरपरिषदेच्या हद्दीत आहे आणि भारतनेट आहे ग्रामपंचायतींसाठी.