काकांचा नियम, पुतण्याचं भिंग
‘दिवसभर लेन्स चालते, मग ती घालून झोपलं तर काय बिघडतं?’ असं एका वाचक मुलीने विचारलंय.

उत्तर स्वयंपाकघरात आहे, कारण मऊ लेन्स म्हणजे एक प्रकारची जेलीच, आणि डोळ्याला लागणारा ऑक्सिजन तिच्यातूनच जावा लागतो. चायना ग्रास शिजवून वाटीत गार करा. बोटाला घट्ट लागतं, पण ते जवळपास सगळं पाणीच. 1861 साली थॉमस ग्रॅहम यांना दिसलं, की मीठ असल्या जेलीतून साध्या पाण्यात पसरावं तितक्याच सहज पसरतं. हाताला घन वाटतं ते रेणूला पाणीच! लांबलचक साखळ्यांच्या जाळीतली भोकं काही नॅनोमीटरची आणि ऑक्सिजनचा रेणू नॅनोमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. साखळ्यांना वळसे घालत तो पलीकडे पोचतो.

अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट. मिठाला मिलिमीटरभर जायला आठ-दहा मिनिटं लागतात, सेंटिमीटरभर जायला अर्ध्या दिवसाहून जास्त. म्हणून लेन्स जितकी पातळ तितकी बरी.

हे गणित 1855 मध्ये अॅडॉल्फ फिक यांनी मांडलं. गंमत म्हणजे 1888 साली डोळ्यावर बसणारं काचेचं भिंग प्रसिद्ध केलं त्यांच्याच पुतण्याने, नावही अॅडॉल्फ फिकच! काकांचा पसरण्याचा नियम घरात, आणि भिंग मात्र ज्यातून ऑक्सिजन जातच नाही अशा काचेचं. दोनेक तासांत डोळा कंटाळे.

मऊ लेन्सचं श्रेय चेक रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांचं. त्यांचं नाव आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे? 1961 च्या नाताळात मुलांचा ‘मर्कूर’ खेळसंच आणि सायकलचा डायनामो जोडून त्यांनी घरच्या टेबलावर लेन्स ओतणारं फिरतं यंत्र बनवलं. साचा फिरला की द्रव कडेला चढतो आणि खोलगट भिंग आपोआप घडतं. त्या जेलमध्ये सुमारे 38 टक्के पाणी होतं, आणि ऑक्सिजनची वाट त्या पाण्यातूनच.

पुढे पाणी वाढवून पाहिलं; पण पाण्यात ऑक्सिजन विरघळतोच थोडा, तेव्हा त्यालाही मर्यादा. 1999 च्या सुमारास बाजारात आलेल्या सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन मुख्यतः सिलिकॉनमधून जातो. जाहिराती त्याला ‘श्वास घेणारी लेन्स’ म्हणतात. लेन्स श्वास घेत नाही हो, फक्त आड येत नाही!

आता झोपेचं. लेन्स ज्याच्यावर बसते त्या पारपटलात (कॉर्नियात) रक्तवाहिन्या नसतात, ते ऑक्सिजन हवेतून घेतं. पापणी मिटली की तो पापणीच्या आतल्या रक्तवाहिन्यांकडून येतो आणि त्याचा दाब जेमतेम तिसऱ्या हिश्श्यावर उतरतो. त्यात लेन्सची भर. शिवाय जंतुसंसर्गाचा धोका वाढतो तो वेगळाच, आणि तो सिलिकॉननेही टळलेला नाही. तेव्हा झोपताना लेन्स डबीत.