मुक्त सॉफ्टवेअर ‘कुणीही बदलू शकतं’? जरा थांबा

शाळेतले जुने संगणक पुन्हा चालू करायचा विषय निघाला की कुणीतरी लिनक्स हे मुक्त सॉफ्टवेअर सुचवतं आणि लगेच ठरलेला आक्षेप येतो: “पण ते तर कुणीही बदलू शकतं ना? उद्या कुणी त्यात काही घुसडलं तर?” कैनाडसारख्या गावात ऐका, तलासरीत ऐका, नाहीतर मुंबईच्या वातानुकूलित कचेरीत, शब्दसुद्धा बदलत नाहीत. विचारणाऱ्याच्या खिशात बहुधा अँड्रॉइड फोन असतो. अँड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्स कर्नलच आहे. ज्याची इतकी भीती, त्याच्याच भरवशावर सकाळपासून यूपीआयने पैसे पाठवणं चाललेलं असतं!

गैरसमज: मुक्त म्हणजे बेवारस; कुणीही यावं आणि हवं ते बदलावं.

वस्तुस्थिती: बदलता येते ती तुमच्याकडची प्रत. मूळ प्रकल्पात बदल सुचवता येतो, पण तो घ्यायचा की नाही हे दुसरंच कुणी ठरवतं. सातबारा कुणीही ऑनलाइन पाहतो, फेरफारासाठी अर्जही करतो. पण मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्याशिवाय उताऱ्यावरचं नाव बदलत नाही. हे आपल्याकडे कुणाला समजावावं लागत नाही. सॉफ्टवेअर म्हटलं की मात्र अक्कल गहाण पडते.

१९९१ साली लिनस टोरवाल्ड्‌सने सुरू केलेल्या लिनक्स कर्नलचंच उदाहरण घेऊ. त्याच्या कोडसोबत ‘मेंटेनर्स’ नावाची एक फाइल असते. वायफाय, यूएसबी, फाइल सिस्टिम अशा प्रत्येक विभागाचा राखणदार, म्हणजे मेंटेनर कोण आणि त्या भागाची आजची अवस्था काय, याची त्यात नोंद असते. ज्याला कुणी वाली नाही, त्या भागापुढे ‘अनाथ’ असा शेराही उघडपणे मारलेला असतो.

समजा, कैनाडच्या एखाद्या मुलीला वायफायच्या कोडमध्ये चूक सापडली. ती दुरुस्ती करते आणि नेमक्या बदललेल्या ओळींचा पॅच ईमेलने त्या विभागाच्या मेंटेनरला पाठवते. एका पॅचमध्ये एकच बदल, आणि तो का केला याचा खुलासा सोबत, असा दंडक आहे. मग इतर जाणकार उघडपणे त्याची चिरफाड करतात. बहुतेकदा उत्तर येतं: हे सुधारा, दुसरी आवृत्ती पाठवा. तिसरी, चौथी आवृत्तीही लागते. शेवटी मेंटेनर तो पॅच आपल्या शाखेत घेतो, तिथून तो वरच्या मेंटेनरकडे आणि अखेर टोरवाल्ड्‌सकडे पोचतो. तिथेही वेळापत्रक आहे. नवे बदल घेण्याची खिडकी दोन आठवडे उघडी असते, नंतर साधारण सात-आठ आठवडे फक्त चुका निस्तरायच्या.

या वाटेवर ज्याच्या-ज्याच्या हातून पॅच पुढे जातो, तो खाली नावानिशी सही जोडतो. २००३ साली एससीओ कंपनीने आयबीएमवर खटला भरला आणि तिने आपला कोड लिनक्समध्ये घातल्याचा दावा केला. त्यानंतर, २००४ पासून ही सहीची प्रथा आली. कोणती ओळ कुणी लिहिली आणि कुणी मंजूर केली, हे आज कुणीही शोधू शकतं. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय ग्राहकाला असते का?

“पण मुद्दाम वाईट पॅच पाठवला तर?” हेही करून झालंय. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये मुद्दाम सदोष पॅच पाठवून पाहिले. लिनक्स फाउंडेशनच्या तांत्रिक सल्लागार मंडळाने मे २०२१ मध्ये अहवाल दिला: या प्रयोगातले चुकीचे पॅच एकतर पकडले गेले किंवा दुर्लक्षित राहिले. त्याआधी एप्रिलमध्येच मेंटेनर ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी विद्यापीठाचे पॅच घेणं थांबवलं होतं, आणि तिथून पूर्वी आलेले शेकडो बदल पुन्हा तपासायला घेतले गेले.

मग धोका नाहीच? आहे. पण आक्षेप घेणारे बोट दाखवतात तिथे नाही. फाइल आक्रसून ठेवणारं ‘एक्सझेड’ नावाचं एक छोटं सॉफ्टवेअर जगभरच्या लिनक्स संगणकांत असतं. त्याची राखण लासे कॉलिन हा एकटा माणूस, हौशीने, बिनपगारी करत होता. २०२१ पासून ‘जिया टॅन’ नावाचं कुणीतरी त्याला चांगले पॅच पाठवू लागलं. मग इतर काही नावांनी तगादा सुरू झाला: काम रेंगाळतंय, दुसरा मेंटेनर नेमा. कॉलिनने आपली मानसिक ओढाताण तेव्हाच लिहून कळवली होती. हळूहळू किल्ल्या टॅनकडे गेल्या, आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला गेला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून त्याने खोदून पाहिलं आणि २९ मार्चला ते जाहीर केलं. कोड उघडा होता म्हणून त्याला आत शिरून पाहता आलं. घात झाला तो दारात एकच दमलेला राखणदार असल्यामुळे. सोम्यागोम्याला मूळ कोड बदलण्याची मुभा तिथेही नव्हती. ती मिळवायला टॅनला दोन वर्षं खपावं लागलं.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

“सगळे फुकट राबतात.” लिनक्स फाउंडेशनच्या २०१७ च्या अहवालात कर्नलमधल्या बदलांपैकी बिनपगारी हातांचा वाटा जेमतेम ८ टक्के होता; बाकीचे बहुतेक कंपन्यांचे पगारदार. एक्सझेडसारखे छोटे प्रकल्प मात्र खरंच हौशीवर चालतात.

“फुकटचं म्हणजे कामचलाऊ.” जगातल्या सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळेच्या सगळे नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतात.

“पटलं नाही तर सोसायचं.” ओपनडब्ल्यूआरटी या राउटरच्या सॉफ्टवेअरमधले काही जण कारभार पारदर्शक नाही म्हणून २०१६ मध्ये वेगळे झाले, त्यांनी त्याच कोडची प्रत घेऊन ‘लेडे’ काढलं आणि २०१८ च्या सुरुवातीला दोन्ही प्रकल्प पुन्हा एक झाले.

“इंटरनेटवर कोड टाकला की तो मुक्त.” परवाना जोडलेला नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

“हे सगळं परदेशातलं.” कंपन्यांचे हिशेब आणि मालसाठा सांभाळणारं ईआरपीनेक्स्ट मुंबईत घडलं, देवनागरीतला ‘मुक्ता’ हा मुक्त फॉन्टही मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा.

“कोडिंग येत नसेल तर आपलं काय काम?” फायरफॉक्स, लिब्रेऑफिस यांचे मराठी मेनू भाषांतर करणाऱ्यांच्या हातचे आहेत, चूक नीट लिहून कळवणं हेही योगदानच.

तेव्हा शाळेसाठी वा पतपेढीसाठी सॉफ्टवेअर निवडताना तीन गोष्टी विचारा: मेंटेनर किती आहेत, शेवटची आवृत्ती कधी आली, आणि कळवलेल्या चुकांना उत्तर मिळतं का? मुक्त प्रकल्पात तिन्हींची उत्तरं उघड्यावर असतात. ती न पाहताच “कुणीही बदलू शकतं” म्हणणाऱ्याला आधी पाहून यायला सांगा.