बुधवारी दुपारी कोण येणार?

शुक्रवार संध्याकाळ. ऑफिसात एकच चर्चा, ‘वीकएंडचा काय प्लॅन?’ माझा प्लॅन दाराशी टांगलेला असतो. हेडटॉर्च, हेल्मेट, हार्नेस आणि मूठभर खजूर भरलेली सॅक. मी एका रेस्क्यू टीमचा व्हॉलंटिअर आहे.

हे ऐकलं की समोरचा विचारतो, ‘वॉव! म्हणजे दोराला लटकून माणसं वाचवतोस?’ बॉस, दोराचं काम टीममधल्या दोन-चार पक्क्या लोकांचं. बाकीचे आम्ही हमाल!

साधा हिशेब बघा. स्ट्रेचर एका वेळी सहा जण उचलतात. घसाऱ्याची वाट, त्यात पाऊस आणि शेवाळ. थोड्याच वेळात खांदे भरून येतात, मग दुसरे सहा. म्हणजे पाय मोडलेल्या एका ट्रेकरला खाली आणायला १८-२० माणसं हवीत. रविवारी मिळतात हो. बुधवारी दुपारी कोण येणार? प्रत्येक टीमचं खरं दुखणं हे आहे. दोर विकत आणता येतो, रजा नाही!

शोधाचं निम्मं काम फोनवरच होतं. किती जण आहात? शेवटची ओळखीची खूण कुठली? बॅटरी किती उरलीय? आणि मग ठरलेलं वाक्य, ‘आहात तिथेच बसा.’ हरवलेला माणूस चालत राहिला की शोधायचा टापू वाढत जातो. तिथे जीपीएसपेक्षा त्या रानात गुरं राखणारे मामा जास्त उपयोगी पडतात, हा माझा अनुभव.

लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स, महाबळेश्वरचे सह्याद्री ट्रेकर्स... यातली बहुतेक माणसं नोकरी-धंदा सांभाळून हे करतात. आणि प्रत्येक वेळी जिवंत माणूसच हाती लागतो असं नाही. २८ जुलै २०१८ ला आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. एकच जण वाचला. बाकीच्यांना वर आणायला स्थानिक ट्रेकर्स दरीत उतरले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वर गाडीरस्ता नाही, त्यामुळे मोठी यंत्रं पोचेनात. एनडीआरएफचे जवान आणि व्हॉलंटिअर्स भर पावसात चालत वर गेले, हातांनी चिखल उपसला. शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते, ५७ जण बेपत्ताच राहिले.

आम्हीही एकदा दरीतून एका मुलाला वर आणलं. माझ्याच वयाचा. त्याच्या सॅकमध्ये डबा तसाच होता, न उघडलेला. दुसऱ्या दिवशी साडेनऊला रिव्ह्यू मीटिंग. दोन साहेब कुठल्याशा टार्गेटवरून तावातावाने भांडत होते, मी नुसता बघत बसलो होतो. ट्रेनिंगमध्ये गाठी शिकवतात, फर्स्ट-एड शिकवतात. या सोमवारचं काय करायचं ते कोणी शिकवत नाही. टीममधला एक काका त्या रात्री फोन करून तासभर क्रिकेटवर बोलला. बस, तेवढंच.

तरी यायचंय? मग आधी फर्स्ट-एडचा कोर्स करा आणि बॉसला आत्ताच सांगून ठेवा. हीरोगिरीची मात्र घाई नको. आमच्याकडे नव्या माणसाला पहिले काही महिने एकच काम, चिखलाने माखलेले दोर धुऊन सावलीत वाळत घालायचे!