शर्यतमार्ग, नागरी

शहरातील नित्याच्या रहदारीचे रस्ते काही दिवस बंद करून व त्यांच्या कडा अडथळ्यांनी बंदिस्त करून मोटार शर्यतीसाठी जो वळणांचा मार्ग तयार करतात, त्यास नागरी शर्यतमार्ग किंवा रूढ भाषेत स्ट्रीट सर्किट म्हणतात. स्थायी मार्गाची आखणी शर्यत डोळ्यांसमोर ठेवून होते. येथे शहर आधीचे असते व शर्यत त्यात बसवावी लागते. मोनाको (१९२९ पासून, लांबी ३.३३७ किमी., १९ वळणे) हा या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध मार्ग होय. मकाऊ येथील मार्ग (१९५४ पासून) सु. ६.१२ किमी. लांब असून त्याच्या एका वळणावर रुंदी अवघी ७ मी. आहे.

पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून सार्वजनिक रस्ता मध्यभागी उंच व कडांना उतरता बांधतात. शर्यतीची गाडी वळण घेताना एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाते, तेव्हा हा उंचवटा ओलांडताना चाकांवरील भार घटून पकड सुटू शकते. रंगविलेले पट्टे ओलाव्यात निसरडे होतात. प्रारंभी धूळ असल्याने गाड्या सावकाश धावतात; चाकांचे रबर रस्त्यावर बसत जाते तशी पकड वाढते. गटारांची झाकणे हा खास नागरी धोका आहे. वेगवान गाडीखाली हवेचा दाब घटतो व त्या ओढीने झाकण उचलले जाते, म्हणून ती आधी पक्की जखडतात. तरीही नोव्हेंबर २०२३ मध्ये लास व्हेगास येथे सरावाच्या आठव्याच मिनिटाला असे एक झाकण निसटून कार्लोस साइन्थ यांच्या फेरारीचा तळ फुटला.

स्थायी मार्गालगत भरकटलेल्या गाडीचा वेग ओसरण्यास मोकळी जागा ठेवतात. नागरी मार्गावर ती क्वचितच मिळते. चालकाची चूक थेट भिंतीशी जाऊन थांबते. वेग दुप्पट झाल्यास गतिज ऊर्जा चौपट होते, हे लक्षात घेता अडथळा कशाचा आहे यास फार महत्त्व येते. १९६७ मध्ये मोनाको येथे लोरेन्झो बंदिनी यांची गाडी आदळून पेटली. कडेला रचलेल्या पेंढ्याच्या गठ्ठ्यांनी आग भडकली व तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. पुढे पेंढ्याचा वापर बंद झाला. आता काँक्रीटचे ठोकळे, त्यांवर तारेची जाळी व मोक्याच्या ठिकाणी टायरांच्या राशी ठेवतात. रस्त्याची कड हा शर्यतीपुरताच प्रश्न नाही. बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ रोजी प्रवासी बस दुभाजकावर आदळून उलटली व पेटली. त्यात २५ जणांचा बळी गेला. तेथे ना शर्यत होती, ना पाळीवर उभे अग्निशामक पथक.

भारतात या प्रकारची पहिली जागतिक दर्जाची शर्यत ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबाद येथे विजेवरील गाड्यांची झाली. हुसेनसागराच्या काठी, लुंबिनी उद्यान व सचिवालय यांच्या परिसरात सु. २.८३ किमी. लांबीचा १८ वळणांचा मार्ग आखला होता. लांब सरळ पट्ट्यानंतरचे तीव्र वळण अशा गाड्यांना सोयीचे असते, कारण ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत साठविता येते. मात्र सर्वांनाच तेथे पुढे जायचे असते. अशाच वळणावर जॅग्वारच्या दोन्ही गाड्या एकमेकींवर आदळून बाद झाल्या. झां-एरिक व्हर्न्य विजयी झाले. फेब्रुवारी २०२४ ची नियोजित शर्यत राज्यातील सत्तांतरानंतर रद्द झाली व आयोजनासाठी दिलेल्या रकमांची चौकशी सुरू झाली. चेन्नई येथे ३१ ऑगस्ट व १ सप्टेंबर २०२४ रोजी सु. ३.५ किमी. मार्गावर दिव्यांच्या प्रकाशात शर्यती झाल्या.

महाराष्ट्रात पूर्वी जुहूच्या विमानतळावर मोटार शर्यती होत. तो मार्ग मात्र नागरी नव्हे. २०२५ मध्ये नवी मुंबईत पाम बीच मार्गालगत सु. ३.७५ किमी. लांबीच्या, १४ वळणांच्या मार्गाची योजना जाहीर झाली. अशा योजनेत रस्ता किती दिवस अडणार, रुग्णवाहिकेस वाट कोठून मिळणार आणि खर्च कोणाच्या तिजोरीतून होणार, हे प्रश्न वळणांच्या संख्येआधी सोडवावे लागतात.